तोंडात धरायचा चहा

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास कागदावर सुरू झाला आणि माझं तोंड यायला लागलं. दोन्हींचा संबंध माझ्याआधी नवऱ्यानं लावला. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लागली की आठवड्याभरात ही दूधभातावर येते, असं त्यानं सासूबाईंना माझ्यादेखत सांगितलं.

मी सेक्रेटरी आहे. पार्ले पूर्वेला आमची तीन मजली, बिनलिफ्टची जुनी इमारत. वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी नावं विचारली तेव्हा मी फाइल चाळत होते आणि बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते, एवढीच माझी पात्रता. हे काम ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ)खाली पुनर्विकासासाठी जे नियम आहेत त्यांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण हवं. त्या चित्रीकरणातच एखादे भाऊ कॅमेऱ्याकडे तोंड करून विचारतात, "मॅडमना बिल्डरनं काय कबूल केलंय ते आधी कळू द्या." मी काय म्हणायचं? "भाऊ, इतिवृत्तात नोंद घेते." जे खरंच म्हणावंसं वाटतं ते गिळायचं आणि घरी येऊन आमटी गरम करायची. त्या आमटीचा पहिला घोट ओठाच्या आत लागला की डोळ्यांतून पाणी.

ज्यांचं तोंड कधी येत नाही त्यांना हे दुखणं किरकोळ वाटतं. आधी खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला नुसतं हुळहुळतं. दुसऱ्या दिवशी तिथे मसुराच्या डाळीएवढा पिवळट-पांढरा खळगा पडतो, भोवती लाल कड. ओठावर असला तर निभतं. जिभेच्या कडेला आला की 'स', 'त', 'ल' म्हणताना तो दातावर घासतो, आणि सभासद, ठराव, तहकूब, थकबाकी, कन्सल्टंट हे शब्द टाळून सोसायटीचं कामकाज चालवून दाखवावं कोणीतरी.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. उष्णता झालीय, पोट साफ होत नसेल, पित्त आहे, जागरणं बंद कर. मग उपाय. सब्जा भिजवून पी. गुलकंद खा. जाईची पानं चावून थुंक. तोंडलं चघळ. रात्री झोपताना फोडाला साजूक तूप लाव. केमिस्टकडून बीकॉसूल आण. तळमजल्यावरच्या आजींनी टाकणखाराची लाही मधातून लावायला सांगितली, आणि वर नातीच्या तान्ह्या बाळालाही तेच लावतो म्हणाल्या. तेव्हा मात्र मी दुखऱ्या तोंडानं भांडले. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बाळाच्या पोटात गेला तर विषारी; आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नसतो, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बाळाची आई मात्र जिन्यात थांबून "बरं झालं काकू, तुम्ही बोललात" म्हणाली.

चहाकडे वळण्याआधी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आरसा घालून आधी दातांच्या कडा पाहिल्या, कुठला तुटका कंगोरा लागतोय का म्हणून. तंबाखू, सुपारी विचारली. मग म्हणाल्या, हे अॅफ्थस अल्सर. एक सेंटीमीटरच्या आतले असतील तर सात ते चौदा दिवसांत आपले आपण भरतात, खूणही राहत नाही. त्याहून मोठे असले तर आठवडेच्या आठवडे घेतात. कारण एकच असं नसतं. ताण असतो, गाल चावला गेलेला असतो, आईवडिलांकडून आलेलं असतं, लोह, फॉलिक अॅसिड किंवा बी-१२ कमी असतं. तीन आठवड्यांत न भरलेला कुठलाही फोड, मग तो दुखो किंवा न दुखो, दाखवायलाच हवा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. न दुखणाऱ्यावर जास्त जोर दिला.

रक्त तपासलं. बी-१२ खालच्या रेषेलाही पोचलेलं नव्हतं. आमचं घर शाकाहारी, दूध मला आवडत नाही, त्यामुळे यात नवल नाही. गोळ्या सुरू झाल्या. टूथपेस्टच्या नळीवरचं बारीक अक्षर वाचायला सांगितलं: सोडियम लॉरिल सल्फेट, फेस आणणारा पदार्थ. तो नसलेली पेस्ट वापरल्यावर काही जणांना फोड कमी येतात. ती बदलली. तेव्हा पुढे मी चहांबद्दल जे सांगणार आहे ते या दोन गोष्टींच्या बरोबरीनं चाललेलं आहे. माझे फोड चहानं गेले असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर मला शंका येईल. जो फोड दहा दिवसांत आपणहून जाणार आहे, त्यावर सातव्या दिवशी काहीही लावलं तरी गुण आलाच म्हणून समजा. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक उपायाची कीर्ती अशीच झालेली आहे.

पण ते दहा दिवस काढायचे कसे? खायचं असतं, बोलायचं असतं, आणि रात्री अकराला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी "एफएसआयचा हिशोब चुकलाय" असं टाकलं की झोपायचंही असतं. चहा मला तेवढ्यापुरता हवा होता.

पहिला कप नवऱ्यानं केला, प्रेमानं. डब्यात २०२० सालची काढ्याची पूड होती. करोनाच्या त्या वर्षी आयुष मंत्रालयाचं प्रमाण घरोघरी पोचलं होतं: चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग काळी मिरी. तेव्हापासून आपल्याकडे काढा म्हटलं की घशाला झटका द्यायलाच हवा अशी समजूत झाली आहे. आलेल्या तोंडाला मिरी आणि सुंठ म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. आलं, मिरी, दालचिनी, लिंबू हे सगळं फोड भरेपर्यंत बंद. तुळस एकटी चालते.

दुसरी गोष्ट तापमानाची. आपला चहा आपण उकळता पितो, टपरीवरचा कटिंग तर ओठ भाजतच. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली वर्गीकरण केलेलं आहे. ते राहू द्या. उघड्या फोडाला त्याच्या बऱ्याच खालचं तापमानही सोसत नाही. त्यामुळे माझा नियम असा झाला की चहा गरम पाण्यात करायचा आणि गार करून घ्यायचा. चहा गार करून प्यायचा ही कल्पना सासूबाईंना शेवटपर्यंत पटली नाही.

खरी दिशा दिली ती माझ्या मैत्रिणीनं. ती वरळीच्या पोदारमधून आयुर्वेद शिकलेली. मी कौतुकानं तिला माझे कप सांगायला लागले, सकाळी अमुक, दुपारी तमुक, तर ती म्हणाली, "अगं, फोड पोटात आहे का तुझ्या? पितेस कशाला घटाघटा? तोंडात धर." आयुर्वेदात याची रीतच आहे. तोंड भरून द्रव धरून बसायचं तो गंडूष, थोडा घेऊन खुळखुळवायचा तो कवल. मुखपाकाला, म्हणजे तोंड येण्याला, पूर्वापार हेच सांगितलेलं. विचार केला तर सरळ आहे: घोट फोडावरून एका क्षणात घसरून जातो, आणि ज्या वनस्पतीचा उपयोग तिथल्या तिथे आहे तिला तिथे थांबायला वेळ तर मिळायला हवा. त्या दिवसापासून कप अर्धा झाला. त्यातला बराचसा मी तोंडात धरून, जिभेनं फोडाकडे ढकलून, दोन-तीन मिनिटांनी बेसिनमध्ये थुंकते.

आता एकेक चहा.

ज्येष्ठमध मी काळबादेवीहून आणलं. मेट्रो आल्यापासून तिथे जाणं सोपं झालंय, तरी मी चर्चगेटला उतरून चालतच गेले. सोसायटीपासून लांब असण्याचाही थोडा उपयोग होतो. काष्ठौषधींच्या दुकानांतला तो वास, हिरडा, वाळा, नागरमोथा, कापूर, सगळं एकत्र, तो दारातच गाठतो. मी पूड मागितली तर गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, "ताई, पावडर मत लो, लकडी लो." त्यांनी कांडी मोडून दाखवली. साल तपकिरी, आत पिवळाधमक, दोरीसारखा रेशाळ गाभा. तुकडा चघळायला दिला. आधी लाकूडच, मग हळूहळू गोडवा येतो आणि येतच राहतो. साखरेसारखा येऊन जात नाही. दुकानातून बाहेर पडून धोबीतलावपर्यंत आले तरी जीभ गोड होती. आपल्याकडे बाजारात येतं ते बरंचसं अफगाणिस्तान-इराणकडचं, शेठच म्हणाले.

त्यांनी ताणासाठी म्हणून जटामांसीही पुढे केली. केसाळ, काळपट मुळं. एक तर त्या वासाचा चहा घशाखाली उतरेल असं वाटेना, आणि दुसरं, ती हिमालयात उंचावर वाढणारी, ओरबाडून ओरबाडून नामशेष व्हायला आलेली वनस्पती आहे. आमच्या पार्किंगच्या वादासाठी तिचा बळी नको. ठेवली परत.

घरी बोटभर कांडी खलबत्त्यात ठेचायची. दोन कप पाण्यात मंद आचेवर एक कप होईपर्यंत उकळायची. फुलं आणि पानं उकळायची नसतात, मूळ आणि साल उकळायची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. काढा पिवळसर होतो आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागतो. तोंडात धरला की फोडावर पातळ अस्तर बसल्यासारखं वाटतं आणि जेवणाआधी केलं तर पुढची पंधरा-वीस मिनिटं वरण-भात सुखानं जातो. लहान प्रमाणातल्या काही चाचण्यांमध्ये ज्येष्ठमधाच्या पट्ट्या फोडावर चिकटवून दुखणं कमी झाल्याचं दिसलं आहे. पट्टी म्हणजे काढा नव्हे हे मान्य, पण तत्त्व तेच, तिथे टिकून राहण्याचं.

मे महिन्यात मी हाच काढा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला. पिवळे चौकोन. जेवणाआधी एक तोंडात ठेवायचा. गारव्यानं बधिरपणा येतो, गोडव्यानं लाळ सुटते. हा सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता शोध, आणि याचं श्रेय फ्रीजला जास्त आहे हे मला ठाऊक आहे.

ज्येष्ठमधाची एक बाजू मात्र समजून घ्यायला हवी. सभेला मी छोटा थर्मास नेत असे. कमिटीच्या बैठकीत खजिनदार काकांनी चव घेतली, त्यांना आवडला, आणि पुढच्या बैठकीपासून ते स्वतःचा कप घेऊन यायला लागले. घरीही करतात म्हणाले, सकाळ-संध्याकाळ, "साखर न घालता गोड, मला तर वरदानच." काकांना रक्तदाब. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्क्रिय करतं. ते अडलं की कॉर्टिसॉल तिथे नको ते काम करायला लागतं: मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम निघून जातं, रक्तदाब चढतो. कॉर्टिसॉल म्हणजे तेच, ताणाचं संप्रेरक. म्हणजे सभेतल्या ताणावर उतारा म्हणून पीत राहायचं आणि त्या ताणाच्याच रसायनाला मोकळं रान द्यायचं. युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन ही वरची मर्यादा धरतात, आणि घरच्या काढ्यात ते किती उतरतं हे मोजायला आपल्याकडे काही नसतं. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध प्यायचं नाही. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आयुर्वेदिकला कसला साइड इफेक्ट?" मग त्यांच्या सुनेला सांगितलं. ते बंद झालं. मीसुद्धा तेव्हापासून थुंकण्याबाबत जास्त काटेकोर झाले, आणि फोड भरला की कांडी डब्यात.

पेरूची पानं फुकटची. आमच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे, नव्या नकाशात तिथे पार्किंगचा रॅम्प येतो. झाड काढायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती फाइलही माझ्याकडेच. तर शेंड्याची कोवळी, तांबूस पालवी घ्यायची, मूठभर, धुऊन दोन कप पाण्यात उकळायची; पानं न उकळण्याच्या नियमाला हा अपवाद, कारण इथे हवा तो तुरटपणा, वास नव्हे. पाणी तपकिरी होतं आणि वास कच्च्या पेरूचा. हे तोंडात घेतलं की तोंड आवळतं. पानांतला टॅनिन हा तुरट पदार्थ फोडाच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना धरून एक पातळ पापुद्रा तयार करतो, बोचरेपणा कमी होतो. जाईच्या पानांचा आणि काथाचा तुरटपणाही याच जातीचा. पिण्यासाठी हा चहा मुळीच नाही, आणि मला तर तो ज्येष्ठमधापेक्षा गुणकारी वाटला. पण चवीनं पाहुण्यांना पळवून लावायचं असेल तर जरूर द्यावा. एका विकासकाच्या प्रतिनिधीला देण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

कॅमोमाइल आणायला मी नाखूश होते. सुपरमार्केटमधल्या पिशव्या महाग, आणि एक पिशवी कापून बघितली तर आत पिवळी माती. मग कळलं की हेच आपल्याकडे युनानी औषधांत बाबूना म्हणून कधीपासूनचं आहे. मोहम्मद अली रोडच्या बाजूच्या युनानी दुकानात अख्खी फुलं मिळाली. शेवंतीचीच लहान बहीण: मधे फुगीर पिवळा घुमट, भोवती सुकून मागे वळलेल्या पांढऱ्या पाकळ्या. चोळलं की गोडसर, सफरचंदाच्या सालीसारखा वास. शेवंतीच्या कुळातली असल्यामुळे ज्यांना त्या फुलांनी शिंका-खाज येते त्यांनी लांब राहावं, आणि वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चमचाभर फुलं, पाऊण कप नुकतं उकळून उतरवलेलं पाणी, वर ताटली. ताटली विसरायची नाही. जो वास घरभर पसरतो तोच तर हवा असतो. दहा मिनिटांनी गाळायचं. युरोपियन औषध संस्थेनं तोंडातल्या लहान फोडांसाठी आणि दाहासाठी कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्यानं चूळ भरणं पारंपरिक वापर म्हणून मान्य केलेलं आहे. तेवढ्यापुरतं ते सौम्य आहे, झोंबत नाही, ज्येष्ठमधासारखं बसतही नाही. जिभेवर एकाच वेळी बरेच फोड असताना, म्हणजे पेरूचा तुरटपणाही सहन होत नाही तेव्हा, हेच बरं.

कॅमोमाइलची ख्याती खरी आहे ती झोपेसाठी, ताणासाठी. इथे मी जरा वाचून काढलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या, चिंताविकाराच्या रुग्णांवरच्या चाचण्या २००९ आणि २०१६ साली प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत लक्षणं बऱ्यापैकी उतरली. पण दिलेल्या होत्या अर्काच्या कॅप्सूल, २०१६ च्या चाचणीत तर दिवसाला १,५०० मिलिग्रॅम, महिनोन् महिने, आणि विकार उलटण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं असं काही त्यातही दिसलं नाही. माझा पाऊण कप त्यापुढे काय? तरीही तो मी सोडलेला नाही, आणि त्याचं कारण फुलांत कमी, वेळापत्रकात जास्त आहे.

आधी माझी रात्र अशी असायची: साडेनऊला कमिटीची बैठक, तिथे दोन वेळा दुधाचा कडक चहा, अकराला घरी, मग मोबाइल. आता बैठकीतला चहा गेला, म्हणजे रात्रीचं कॅफीन गेलं. घरी आले की पाणी ठेवायचं, फुलं घालायची, ताटली ठेवायची. भिजेपर्यंत दहा मिनिटं आणि निवेपर्यंत आणखी वीस. या वेळात फोन स्वयंपाकघराच्या फडताळावर, कारण मी थर्मासच्या झाकणाएवढा घोट तोंडात धरून बसलेली असते आणि तोंड भरलेलं असताना कोणाचा फोन घेता येत नाही. व्हॉइस नोट पाठवता येत नाही. "काकू जाग्या आहात का?" याला उत्तर देता येत नाही. मला वाटतं ताणावर जो काही उपचार झाला तो एवढाच, सक्तीनं गप्प बसण्याचा. झोप लागायला लागली. झोप लागली की फोड लवकर भरतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दुखणं सहन होतं.

गवती चहा बारमाही. पार्ल्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशी पुदिना आणि आल्याबरोबर जुडी देतात. मी आल्याला हात लावत नाही म्हटल्यावर त्या भाव कमी करतात, हा फायदा. याला वास लिंबाचा आणि आंबटपणा अजिबात नाही, म्हणून फोडाला लागत नाही. औषध म्हणून नाही, चहा पिण्याची हौस भागावी म्हणून. बडीशेप घातली तर आणखी छान.

चहाची बातमीही इमारतीत पसरलीच, आणि लोक माझ्याकडे "तो तोंडाचा काढा" मागायला येऊ लागले. शेजारच्या इमारतीतल्या एका ताई आल्या, यजमानांची केमोथेरपी चालू होती, तोंड सोलून निघालेलं. त्यांना मी काही दिलं नाही. केमोनं येणारं तोंड वेगळं असतं. १९९६ साली अशा रुग्णांतली कॅमोमाइलच्या चुळांची चाचणी प्रसिद्ध झाली होती, साध्या चुळांपेक्षा काही फरक पडला नव्हता. आणि कुठलीही मुळी औषधांमध्ये काय घोळ घालेल कोण जाणे. परळला ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत त्या डॉक्टरांनाच विचारा म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना मी कंजूष वाटले असावे.

आणि दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ. सभेत कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणारे तेच. जिन्यात थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, जरा तिखट खाल्लं की तोंडात आग होते हो. तुमचं ते पाणी द्याल का थोडं?" फोड कुठे आहे विचारलं तर म्हणाले फोड नाही, नुसती आग, गेले बरेच महिने. खिशात सुपारीची पुडी दिसत होती. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि साध्या सुपारीला तर बंदीही नाही. दातांच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं आठवलं: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायचं. भाऊंना तिथेच जिन्यात करायला लावलं. दोन गेली, तिसरं अडलं. ते हसले, "म्हातारपण." म्हातारपण नव्हे ते. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. असल्या तोंडाला माझा काढा दिला तर आग जरा शमेल आणि दाखवायला जाणं आणखी काही महिने लांबेल, एवढंच होईल.

मी म्हटलं, काढा मिळणार नाही, उद्या सकाळी मुंबई सेंट्रलला नायर दंत रुग्णालयात जायचं, केसपेपर काढायचा. ते म्हणाले बघू. मी म्हटलं बघू नाही, तुम्ही मला इतिवृत्तात जाब विचारता ना, तसा हा मी तुम्हाला विचारणार आहे, दर बैठकीला. शेवटी त्यांच्या मुलीबरोबर गेले. पुढे काय निघालं ते त्यांचं त्यांनी सांगावं. तपासणीला जातात, तोंड उघडायचे व्यायाम करतात, सुपारीच्या जागी बडीशेपेची डबी आली आहे. परवाच्या सभेत त्यांनी माझ्या हिशोबातल्या स्टॅम्प ड्युटीच्या रकमेवर अर्धा तास हरकत घेतली.